३० एप्रिल, सायगॉन: परक्या मुक्तिदिनाला आपण कुठे उभं राहायचं?

दूरदेशी_वैदेही | २ मे २०२५

नमस्कार मंडळी. व्हिएतनामच्या हो ची मिन्ह शहरात आम्हाला यंदा तीन वर्षं होतील. इथले लोक बोलताना अजून सायगॉनच म्हणतात, मीही तेच लिहिते. परवा ३० एप्रिलला इथलं उत्तर-दक्षिण युद्ध (दक्षिणेमागे अमेरिका, जिंकली उत्तर) संपल्याला पन्नास वर्षं झाली, आणि गेला महिनाभर शहराला नुसतं उधाण आलं होतं. आम्ही बिन्ह थान भागात राहतो. तालमींच्या दिवसांत झेंडे लटकवलेली हेलिकॉप्टरं आमच्या गच्चीवरून जायची. आवाज आला की अख्खी गल्ली हातातलं काम टाकून बाहेर यायची. न्हाव्याच्या खुर्चीतला माणूससुद्धा अर्ध्या दाढीनिशी.

संचलन सकाळी साडेसहाला होतं. पण बघायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच जागा धरा, असं कोपऱ्यावरच्या कॉफीवालीनं बजावलं होतं. म्हणून २९ला आम्ही तिघं मेट्रोनं निघालो. ले ज्वान रस्त्याच्या आजूबाजूचे सगळे फुटपाथ पथाऱ्यांनी भरलेले. वारीच्या मुक्कामाला गावात जसं वातावरण असतं ना, तसंच. कुणी पाण्याच्या बाटल्या वाटतंय, कुणी पाव. लाल शर्टावर पिवळा तारा, म्हणजे इथला झेंडाच, गालावर तारा, बाळाच्या टोपीवर तारा. एप्रिलचा उकाडा असा की रात्री अकरालाही पाठीवरून धारा लागल्या होत्या, पण घरी कुणी जाईना.

शेजारच्या चटईवर न्गे आन प्रांतातून आलेले एक आजोबा होते, नातवाबरोबर बसनं आलेले. पहाटे चारला उठले, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, आणि पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पदकं. नातू फोनचा उजेड धरून बसला आणि आजोबा एकेक पदक छातीवर लावू लागले. शेवटच्या पदकाची पिन तुटलेली. ते लावून बघायचे, पडायचं, पुन्हा लावायचे. माझ्या मंगळसूत्राला नेहमीप्रमाणे दोन सेफ्टीपिना होत्या, त्यातली एक काढून दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. पदक बसलं. पुढे तोफा झाल्या, संचलन झालं, डोक्यावरून विमानं गेली. चौकड्यांचे पंचे गळ्यात घातलेल्या दक्षिणेतल्या गनिमी स्त्रियांची तुकडी आली तेव्हा रस्ता दुमदुमला. मला मात्र आठवतात ते आजोबा, ताठ उभे, आणि छातीवर माझी पिन.

आता प्रश्न. दुपारी घरी आलो तर आमच्या घरमालकिणीचं दार बंद. त्यांना आम्ही बा तू म्हणतो. बा म्हणजे आजी, तू म्हणजे चौथी. वय चौऱ्याहत्तर. घरावर झेंडा होता, पण दार बंद, टीव्ही बंद, आतून फक्त उदबत्तीचा वास. माझी आठ वर्षांची लेक तो लाल शर्ट घालून त्यांच्या दारासमोर जिन्यात नाचत होती, आणि मला एकदम कसंतरी झालं. तिला तो शर्ट रोज हवाय. घालू द्यावा का? त्यांना लागत असेल का? विचारावं का? बाहेर राहणाऱ्यांनी, आणि न राहणाऱ्यांनीही, जरूर लिहा.

रानजाई | २ मे

सेफ्टीपिनेपाशी डोळे भरून आले. मंगळसूत्राची पिन कुठे कामाला येईल सांगता येत नाही!

गडवाट | २ मे

सुंदर लिहिलंय ताई. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यामुळे. त्यांच्या अध्यक्षांनी समाधीवर 'शिवाजी महाराजांचा एक मावळा' असं लिहून घेतलंय. तुम्ही ती समाधी बघितली असेल तर फोटो टाका.

हनोईचा_पावसाळा | ३ मे

गडवाट, मी हनोईत राहतो आणि हा मेसेज मला दर शिवजयंतीला येतो. हो ची मिन्ह यांच्या समाधिस्थळी मी पाहुण्यांना घेऊन तीनदा गेलोय. आत काचेच्या पेटीत त्यांचा देह जतन केलेला आहे, लोक रांगेनं आणि शांतपणे पुढे सरकतात. असा कुठलाही लेख तिथे नाही.

त्यांच्याकडे गनिमी काव्याची स्वतःची मोठी परंपरा आहे. तेराव्या शतकात मंगोलांना परतवणारे त्रान हुंग दाव. १४१८ ते १४२७ अशी दहा वर्षं डोंगरांतून मिंग चिन्यांशी लढून राज्य उभं करणारे ले लॉय. सायगॉनमध्येच नदीकाठी मे लिन्ह चौकात त्रान हुंग दाव यांचा पुतळा आहे, बोट नदीकडे रोखलेलं. आपल्याला महाराज जसे, तसे ते त्यांना. महाराजांचं मोठेपण दुसऱ्याच्या समाधीवरून सिद्ध करायची गरज नाही, आणि त्या माणसांची लढाईही आपल्या नावावर घेऊ नये.

गडवाट | ३ मे

पटलं. मेसेज खरा मानून मीही पुढे पाठवला होता. ज्या ग्रुपवर टाकला तिथे आज दुरुस्ती टाकतो. ले लॉय यांच्याबद्दल अजून लिहा ना, दहा वर्षं डोंगरात म्हणजे रसद कशी मिळत असेल?

हनोईचा_पावसाळा | ३ मे

सांगतो, पण वेगळ्या धाग्यात. इथे वैदेहीताईंचा प्रश्न राहून जाईल.

सॅनहोजेकर | ३ मे

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. इथे व्हिएतनामी वस्ती खूप मोठी आहे, आणि ३० एप्रिलला हे लोक 'काळा एप्रिल' म्हणतात. त्या दिवशी इथे लाल झेंडा दिसत नाही. दिसतो तो पिवळा, तीन लाल पट्ट्यांचा, जुन्या दक्षिण व्हिएतनामचा.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याचे वडील दक्षिणेच्या सैन्यात होते. १९७५ नंतर ते 'पुनर्शिक्षण' छावणीत, म्हणजे कैदेतच, सात वर्षं होते. आई दोन मुलांना घेऊन होडीतून निघाली आणि मलेशियातल्या पुलाऊ बिदोंग बेटावरच्या निर्वासित छावणीत पोचली. तिसरं मूल होडीत गेलं. हे त्यानं मला ओळखीनंतर सहा वर्षांनी सांगितलं, तेही गाडी चालवताना, माझ्याकडे न बघता.

म्हणून स्पष्ट लिहितो. मी तुमच्या जागी असतो तर मुलीला तो शर्ट त्या जिन्यात घालू दिला नसता. तुम्हाला तो तारा म्हणजे जत्रा वाटते. कुणाला तो घर सुटल्याची खूण वाटतो.

सडेतोड | ३ मे

सॅनहोजेकरांशी निम्मा सहमत. पण मुळात हे सगळं सरकारीच ना? एका पक्षाचं राज्य, वॉर्डातून सांगणार झेंडा लावा, लोक लावणार. त्यात इतकं भारावून जाण्यासारखं काय आहे?

दूरदेशी_वैदेही | ३ मे

सडेतोड, झेंड्याचं खरं आहे. सणाला वॉर्डाकडून निरोप येतो आणि प्रत्येक दारावर झेंडा लागतो. संचलनही सरकारीच. पण फुटपाथवर रात्र काढायला कुणी हुकूम देत नाही. माझ्या आजूबाजूला बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं होती, १९७५ नंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. ती आजोबांपाशी गुडघ्यावर बसून विचारत होती, तेव्हा तुम्ही कुठे होतात, काय खायचात, भीती वाटायची का. एका मुलीनं त्यांचा हात धरून ठेवला होता, दहा मिनिटं तरी. मी पाहिलंय, म्हणून सांगते.

आणि सॅनहोजेकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अजून मनात आहे.

सुगरण | ४ मे

गंभीर चर्चेत घुसते, माफ करा. रात्रभर काय खाल्लंत? आम्ही डिसेंबरात जातोय, घरात सासूबाई शाकाहारी आहेत.

दूरदेशी_वैदेही | ४ मे

अगदी सोपं आहे. 'चाय' हा शब्द पाठ करा. आपला चहा नव्हे, इथे चाय म्हणजे शाकाहारी. 'कोम चाय' पाटी दिसली की निर्धास्त आत जा, भात, टोफू, भाज्या. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी तर चंगळ. फक्त फिश सॉस घालू नका असं वेगळं सांगा, एरवी तो पाण्यासारखा वापरतात. आणि सासूबाईंना उसाचा रस द्या. गाडा, चरक, बर्फ, सगळं आपल्या रसवंतीसारखं. आल्याऐवजी उसाबरोबर छोटं लिंबू पिळतात, सालीसकट. त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून नऊ पेले संपवले.

फौजीपुत्र | ४ मे

हा धागा वाचून कपाट उघडलं. माझे वडील १९६०च्या दशकात 'सायगाव'ला होते, ते असंच म्हणायचे. अनेकांना माहीत नसतं की तेव्हा तिथे भारतीय सैन्याचे अधिकारी आणि जवान असत. १९५४च्या जिनिव्हा करारानं सतराव्या अक्षांशावर देशाचे दोन तात्पुरते भाग केले. देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. दोन वर्षांत निवडणूक होऊन देश एक व्हायचा होता. ती निवडणूक झालीच नाही, आणि पुढची वीस वर्षं जे झालं ते झालं.

वडिलांचं काम म्हणजे दोन्ही बाजूंच्या तक्रारी लिहून घेणं. ते सांगायचे, सकाळी एका बाजूच्या गावात चहा, दुपारी दुसऱ्या बाजूच्या, आणि दोन्हीकडे म्हाताऱ्या बायका एकच विचारायच्या: पलीकडे माझा मुलगा दिसला का? नावं सांगायच्या. वडिलांच्या वहीत शेवटच्या पानांवर अशा नावांची यादी आहे, त्यांच्या कानाला आली तशी देवनागरीत लिहिलेली. शोध घेणं त्यांच्या अधिकारात नव्हतं, तरी लिहून घ्यायचे. वही माझ्याकडे आहे. काळ्या लाखेची एक डबीही आहे, पण वहीच जास्त जड वाटते.

वैदेहीताई, मालकीणबाईंना शर्टाबद्दल विचारू नका. त्यांच्या भावंडांबद्दल विचारा.

रानजाई | ४ मे

फौजीपुत्र, ती पानं जपून ठेवा हो. फोटो काढून ठेवा, कागद पिवळा पडतो.

मांडवीतीर | ५ मे

आमच्या गोव्यात १९ डिसेंबर. १९६१ साली साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता गेली. माझे आजोबा सत्याग्रहात आग्वादच्या तुरुंगात होते, त्यामुळे आमच्या घरी तो दिवाळीपेक्षा मोठा दिवस. पण आमच्या वाड्यावर एक बंद घर आहे, बल्कांवाच्या, म्हणजे ओसरीच्या, फरश्या उखडलेल्या. ते कुटुंब त्या वर्षी लिस्बनला गेलं. आजोबा दर १९ तारखेला झेंडावंदन करून येताना त्या घराच्या दारातला पालापाचोळा झाडून यायचे. लहानपणी मी विचारलं, कशाला? म्हणाले, शेजार आमचो. एवढंच.

शर्ट घालू द्या. पण पोरीला त्या बंद दाराची गोष्टही सांगा. आठ वर्षांचं मूल समजतं.

गोदाकाठ | ५ मे

मांडवीतीर, अगदी मनातलं. आमच्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर. शाळेत प्रभातफेरी, भाषणं. १९४८ साली माझी आजी नांदेडजवळच्या खेड्यात होती. रझाकार येणार म्हणून तीन रात्री ज्वारीच्या रानात लपून काढल्या, कडेवर माझे काका. आमच्यासाठी ती मुक्तीच, त्यात तिळमात्र शंका नाही. पण त्याच आजीची मैत्रीण, दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या, तिच्या घरचे दोन पुरुष पोलिस ॲक्शननंतरच्या दिवसांत मारले गेले. त्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. आजी १७ सप्टेंबरला गोड करायची, आणि तिच्याकडे वाटी पाठवायची नाही. एरवी प्रत्येक सणाला पाठवायची. त्या एका दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः जायची.

मला वाटतं, विचारूही नका आणि शर्टही लपवू नका. दुसऱ्या दिवशी जा.

सडेतोड | ५ मे

वरचे तीन प्रतिसाद वाचून माझा आधीचा प्रश्न उथळ होता असं वाटतंय. वैदेही, पुढे काय झालं ते नक्की लिहा.

दूरदेशी_वैदेही | ११ मे

गेले. दुसऱ्या दिवशी नव्हे, आठवडा गेला, पण गेले. गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. त्यांना तीळ आवडतात. आणि फौजीपुत्रांनी सांगितलं तसं भावंडांबद्दल विचारलं.

आधी नावाची गंमत सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यातच आहे. दक्षिणेत थोरल्या मुलाला 'पहिला' म्हणत नाहीत, 'हाई' म्हणजे 'दुसरा' म्हणतात. त्याच्या पाठचा 'बा', तिसरा. (हा 'बा' वेगळा, उच्चाराचा हेल वेगळा.) मग 'तू', चौथा. म्हणजे आमच्या बा तू तिसरं अपत्य, आणि त्यांच्या वर दोन भाऊ.

थोरले हाई दक्षिणेच्या सैन्यात भरती झाले, १९७२ मध्ये क्वांग त्रीच्या लढाईत गेले. धाकटे बा १९६८ साली घरातून निघाले ते थेट 'जंगलात', म्हणजे दुसऱ्या बाजूला. ते कुठे पडले ते आजतागायत कळलेलं नाही, हाडंही मिळाली नाहीत. असे लाखांच्या घरात आहेत इथे.

भिंतीवर 'बां'च्या नावाचं सरकारी प्रमाणपत्र आहे, लाल-सोनेरी, हुतात्म्यांच्या घरी असतं ते. मी ते तीन वर्षं बघतेय. पण देव्हाऱ्यात दोन फोटो आहेत हे नीट बघितलं नव्हतं. एकात टोपी घातलेला तरुण. दुसरा फोटो कॉलरपर्यंत कापलेला, खाली पांढरा कागद चिकटवलेला. 'हाईं'चा. ७५ साली आईनं कात्रीनं गणवेश कापला, आणि कापलेला तुकडा जाळला नाही, पुरला. तो चेहरा अजून तसाच हसतोय, मानेखाली काही नाही.

३० एप्रिलला त्या दार लावून दोघांसाठी जेवण मांडतात. एकाच्या मरणाचा दिवस कुणाला माहीत नाही, आणि ज्याचा माहीत आहे त्याचं उघडपणे करायला बरीच वर्षं आईला भीती वाटायची. म्हणून युद्ध संपलं तो दिवस दोघांचा धरला.

इथले माजी पंतप्रधान व्हो व्हान किएत यांनी २००५ च्या सुमारास म्हटलं होतं की या दिवशी लाखो लोक आनंदी असतात आणि लाखो दुःखी. ते स्वतः जिंकलेल्या बाजूचे मोठे नेते, आणि त्यांची पत्नी व दोन मुलं १९६६ साली अमेरिकन हल्ल्यात गेली होती. तरी ते असं बोलले. हे मला बा तूंनीच सांगितलं. त्यांना त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

शर्टाचं मी काढलंच नाही.

सॅनहोजेकर | १२ मे

ते वाक्य मी सहकाऱ्याला दाखवलं. त्याला आधीच माहीत होतं. म्हणाला, तिकडच्या मोठ्या माणसांत आमचं दुःख मोजलेला तो एक. मग बऱ्याच वेळानं विचारलं, तुझ्या ओळखीच्या बाई जेवण मांडतात ते कुठल्या गावचं? मी सांगितलं, सायगॉन. तो या डिसेंबरात पहिल्यांदा तिकडे जायचं म्हणतोय. माझा शर्टाबद्दलचा सल्ला मी मागे घेत नाही, पण आग्रहही धरत नाही.

हनोईचा_पावसाळा | ४ सप्टेंबर

धागा वर आणतोय. परवा २ सप्टेंबरला हनोईत स्वातंत्र्याची ८० वर्षं साजरी झाली. १९४५ मध्ये हो ची मिन्ह यांनी ज्या बा दिन्ह चौकात जाहीरनामा वाचला तिथेच संचलन. पाऊस, चिखल, तरी लोक रात्रभर रस्त्यावर. यंदा सरकारनं प्रत्येक नागरिकाला एक लाख डोंग भेट दिली, म्हणजे आपले तीनशेहून थोडे जास्त रुपये. आमच्या ऑफिसातल्या सफाईवाल्या मावशींनी त्यातून दोन झेंडे घेतले आणि उरलेल्याची फळं आईच्या तसबिरीपुढे ठेवली. वैदेहीताई, तिकडे काय झालं? आणि शर्ट?

दूरदेशी_वैदेही | ६ सप्टेंबर

आठवणीनं विचारलंत, बरं वाटलं. शर्टाची बाही जुलैत खेळताना उसवली. लेक रडत जिन्यात बसली होती. बा तूंनी तिला आत नेलं, मशीनवर दोन मिनिटांत शिवून दिली आणि कानामागे तांबडा दोरा अडकवून परत पाठवली. मला त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

२ तारखेच्या आधी वॉर्डाचा निरोप आला. त्यांचा झेंडा उन्हानं विटला होता, म्हणून लेकीला घेऊन बाजारात गेल्या, घासाघीस करून नवा आणला. माझ्या नवऱ्यानं शिडीवर चढून लावला. मग त्यांनी लेकीला देव्हाऱ्यापाशी नेलं आणि तिच्या हातात पेटवलेल्या उदबत्त्या दिल्या. तिनं विचारलं, आधी कुणाला लावू? मी दारात उभी, श्वास रोखून.

त्या म्हणाल्या, आधी थोरल्याला.

लेकीनं कापलेल्या फोटोपुढे उदबत्ती लावली, मग टोपीवाल्यापुढे. आणि आम्ही फणस खाल्ला.